बोट, मान आणि मधली जागा: चित्रातील कानउघाडणी कशी वाचावी

चित्राला आवाज नसतो आणि कानउघाडणी तर सगळी आवाजातच असते. शब्द, त्यांची धार, बोलता बोलता चढत गेलेला सूर यांपैकी काहीच रंगाच्या किंवा दगडाच्या हाती लागत नाही. तरीही शतकानुशतके देवळांच्या भिंतींवर, चर्चच्या दारांवर, राजदरबारासाठी लिहिलेल्या पोथ्यांत आणि रेशमी पटांवर कोणीतरी कोणालातरी दटावताना, अडवताना, वळणावर आणताना दाखवले गेले आहे. अशा चित्रासमोर उभे राहिल्यावर आपली नजर साहजिकच बोलणाऱ्याकडे, म्हणजे उगारलेल्या हाताकडे आणि आठ्या पडलेल्या कपाळाकडे जाते. या लेखात सुचवलेली पद्धत याच्या उलट आहे. बोलणाऱ्याला काही वेळ बाजूला ठेवावे आणि आधी ऐकणाऱ्याकडे पाहावे, कारण न ऐकू येणारे शब्द चित्रकाराला दुसऱ्याच्या अंगावर उमटलेले दाखवावे लागतात.

आधी क्रियापद ठरवा

मराठीत रागावण्याला इतकी क्रियापदे आहेत की चित्र वाचण्याच्या कामी ती एखाद्या मोजपट्टीसारखी वापरता येतात. समज देणे, कान उघडणे, खडसावणे, दटावणे, तंबी देणे, बोल लावणे, निर्भर्त्सना करणे, धिक्कारणे ही सगळी एका माळेतली असली तरी एकाच वजनाची नाहीत. समज देणाऱ्याला समोरच्याने बदलावे असे वाटत असते, तर धिक्कारणाऱ्याने त्याच्या बदलण्याची आशा सोडलेली असते. तंबीत पुढच्या शिक्षेची सूचना असते. बोल लावण्यात मात्र मागच्या दुःखाचा हिशेब असतो आणि तो बहुधा जवळचेच माणूस मांडते. चित्राचे शीर्षक वाचण्यापूर्वी यांपैकी कोणते क्रियापद त्याला लागू पडते हे मनाशी ठरवावे आणि ते का ठरवले याची चित्रातली खूण शोधावी. खूण सापडली नाही, तर क्रियापद बदलावे. पुढचा सगळा खटाटोप ही खूण कुठे शोधायची याविषयीचा आहे.

ऐकणाऱ्यापासून सुरुवात

या पद्धतीचा सराव करण्यासाठी लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीतील इटालियन चित्रकार सिमोने मार्तिनीच्या १३४२ सालच्या छोट्या फलकाइतके चांगले चित्र मला दुसरे माहीत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग असा आहे की, बारा वर्षांचा येशू आईवडिलांना न सांगता यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, तीन दिवसांच्या शोधानंतर तो तेथे पंडितांशी चर्चा करताना सापडला आणि आईने त्याला बोल लावला. बहुतेक चित्रकार या कथेतले मंदिर, पंडित आणि बालकाची विद्वत्ता रंगवतात. मार्तिनीने ते सारे वगळून सोनेरी पार्श्वभूमीवर फक्त तिघांना ठेवले आहे: बसलेली मरिया, मध्ये योसेफ आणि उभा येशू.

येथे मरियेचा पुढे आलेला हात झाकून फक्त मुलाकडे पाहावे. त्याने छातीशी हातांची घडी घातली आहे, पुस्तक मिटून जवळ धरले आहे आणि त्याची मान खाली गेलेली नाही. ही घडी पश्चात्तापाची नव्हे. आपले काही चुकले असे न वाटणाऱ्या आणि तरीही आईसमोर गप्प उभ्या राहिलेल्या मुलाची ती घडी आहे. आता योसेफाकडे पाहावे. त्याचा एक हात मुलाच्या खांद्यावर आहे आणि दुसरा मरियेकडे वळलेला आहे, म्हणजे तो जणू मुलाला म्हणतो आहे की बघ, आईची काय अवस्था झाली आहे. शेवटी मरियेवरचा पडदा काढावा. तिच्या मांडीवरच्या उघड्या पुस्तकात लॅटिनमध्ये तिचाच प्रश्न लिहिलेला आहे: बाळा, तू आमच्याशी असे का वागलास? आवाज नसलेल्या माध्यमात आवाज आणण्याची ही एक जुनी युक्ती आहे आणि येथे ती फार हळुवारपणे योजली आहे, कारण आई ओरडत नाही, ती वाचून दाखवल्यासारखी विचारते. या चित्राला खडसावणे हे क्रियापद लागत नाही, बोल लावणे हेच लागते. शिवाय जिला बोलण्याचा अधिकार आहे ती खाली बसलेली आणि ज्याने ऐकायचे तो उभा, या उलट्या मांडणीमुळे कोण बरोबर आणि कोण चूक हा निवाडा चित्रकाराने मुद्दाम मोकळा सोडला आहे.

ऐकणाऱ्याच्या शरीरात पाहण्यासारख्या जागा फार नाहीत. मान, खांदे, हात आणि पावले एवढ्या पुरतात. मान खाली आणि पावले स्थिर असतील, तर बोलणे पोहोचले आहे असे समजावे. मान खाली पण पावले निघण्याच्या बेतात असतील, तर ती लाज आहे, कबुली नव्हे. हात स्वतःच्या छातीकडे वळलेले असतील, तर अपराध स्वतःकडे घेतला जात आहे. ते दुसऱ्याकडे वळलेले असतील, तर तो पुढे ढकलला जात आहे.

बोटाचा माग काढा

अपराध पुढे ढकलणे म्हणजे काय हे जर्मनीतील हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या कांस्यदारांवर अगदी शब्दशः दिसते. बिशप बर्नवर्डने करवून घेतलेल्या या दारांवर १०१५ हे वर्ष कोरलेले आहे. त्यांवरच्या सोळा चौकटींपैकी एकीत निषिद्ध फळ खाल्ल्यानंतर देव आदाम आणि हव्वेला जाब विचारतो आहे. देव आदामाकडे बोट रोखतो, अंग चोरून उभा राहिलेला आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा खाली वाकून सापाकडे. एका बोटातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असा आरोप डावीकडून उजवीकडे घरंगळत जमिनीपर्यंत पोहोचतो. बायबलमधली प्रश्नोत्तरे ज्याने कधी वाचली नाहीत, त्यालाही हा संवाद कळतो. म्हणून बोट दिसले की ते कोणाकडे रोखले आहे एवढ्यावर थांबू नये, त्याच्या टोकापासून पुढे नजर न्यावी आणि ती कुठे थांबते ते पाहावे. ज्याच्यापाशी ती थांबते तोच बहुधा चित्रकाराच्या मते खरा ऐकणारा असतो, आणि कधीकधी तो चित्राबाहेर, म्हणजे आपण उभे असतो त्या जागी असतो.

आपल्या भाषेत या बोटाचे नावच मुळी दटावण्यावरून पडले आहे. संस्कृतातील तर्ज् या धातूचा अर्थ धमकावणे, दटावणे असा आहे आणि त्यावरूनच अंगठ्याशेजारच्या बोटाला तर्जनी म्हणतात. भारतीय मूर्तिशास्त्रात बाकीची बोटे मिटून हे एकच बोट उभे केले की तो तर्जनी हस्त होतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्रचंड द्वारपालांनी तो धरला आहे. हे द्वारपाल कोणत्याही घडलेल्या अपराधाबद्दल रागावत नाहीत. आत जाणाऱ्याने भान ठेवून जावे एवढेच ते सांगतात, म्हणजे ही आगाऊ दिलेली तंबी आहे. घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचे बोट आणि घडू नये म्हणून उभारलेले बोट यांत फरक केला नाही, तर मंदिराच्या दारातला पहारेकरी आणि एदेन बागेतला न्यायाधीश आपल्याला सारखेच वाटू लागतात.

बोटाचा माग काढताना फसगतही होते. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केसने १६१८ साली रंगवलेल्या आणि आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या एका चित्रात स्वयंपाकघरातली म्हातारी एका तरुण मोलकरणीमागे उभी राहून बोट दाखवते आहे, आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ख्रिस्त, मार्था आणि मरिया दिसतात. कथेत मार्था कामाने वैतागून बहिणीची तक्रार करते आणि ख्रिस्त तिलाच सौम्यपणे समज देतो की, तू पुष्कळ गोष्टींची काळजी वाहतेस, मरियेने चांगला वाटा निवडला आहे. उजवीकडची ती चौकट म्हणजे खिडकी, आरसा की भिंतीवरचे चित्र, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हातारी मोलकरणीला काम कर म्हणते आहे की त्या प्रसंगाकडे पाहून शिक म्हणते आहे, हे त्या उत्तरावर अवलंबून राहते. मुलीच्या चेहऱ्यावरचा रुसवा मात्र दोन्ही अर्थांना पुरून उरतो. अशा ठिकाणी एकच अर्थ पकडून बसण्याऐवजी दोन्ही क्रियापदे लिहून ठेवावीत.

पायऱ्या मोजा, आणि चित्र कोणासाठी केले ते विचारा

बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली उंची हा पुढचा पुरावा आहे. नेहमीच्या व्यवहारात वरचा खालच्याला रागावतो, त्यामुळे जेथे सत्तेने लहान असलेला माणूस सत्तेने मोठ्या माणसाला अडवतो, तेथे चित्रकाराला उंचीची काहीतरी सोय करावी लागते. इ. स. ३९० मध्ये थेसलोनिका येथे सम्राटाच्याच सैनिकांनी केलेल्या कत्तलीनंतर मिलानचा बिशप अँब्रोज याने रोमन सम्राट थिओडोसियसला धारेवर धरले. रूबेन्सच्या कार्यशाळेतून १६१५ च्या सुमारास उतरलेल्या आणि व्हिएन्नात असलेल्या चित्रात बिशप चर्चच्या पायरीवर वर उभा आहे, सम्राट खालून वर येऊ पाहतो आहे आणि बिशपचा हात त्याला छातीशीच रोखतो आहे. त्यावरून काही वर्षांनी व्हॅन डाइकने केलेले लहान चित्र लंडनमध्ये आहे. त्यात मांडणी जवळजवळ तीच आहे, पण सम्राटाची दाढी गेली आहे, आणि एवढ्या एका बदलाने तो अधिक तरुण, अधिक अडचणीत सापडलेला वाटतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहणे हा फार चांगला अभ्यास आहे.

पण येथे एक सावधगिरी हवी. अँब्रोजने प्रत्यक्षात सम्राटाला पत्र लिहिले होते आणि ते उपलब्ध आहे. चर्चच्या दारात अडवण्याचा नाट्यमय प्रसंग नंतरच्या इतिहासकाराने, थिओडोरेटने, रंगवून सांगितला आहे. पत्राचे चित्र होत नाही, दाराचे होते, म्हणून चित्रकारांनी दार निवडले. ऐतिहासिक प्रसंगाचे चित्र पाहताना घडले काय आणि चित्रात मावण्यासारखे काय होते हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

त्याच्या जोडीला तिसरा प्रश्न येतो, तो म्हणजे हे चित्र कोणाच्या घरचे. १०७७ साली पोप सातव्या ग्रेगरीने बहिष्कृत केलेला राजा चौथा हेन्री क्षमेसाठी कानोसाच्या किल्ल्याशी आला. या प्रसंगाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र १११५ च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात आहे. त्यात राजा गुडघे टेकून आहे, क्लुनीचा मठाधिपती ह्यू आहे, किल्ल्याची मालकीण माटिल्डा आहे, आणि ज्याच्यापुढे झुकायला राजा आला तो पोप मात्र नाही! हस्तलिखित माटिल्डेचे चरित्र सांगणारे आहे आणि ते कानोसाच्याच डोनिझो नावाच्या साधूने रचले आहे, हे कळले की त्या गैरहजेरीचा उलगडा होतो. पोपच्या रागाच्या कथेचे येथे माटिल्डेच्या मध्यस्थीच्या कथेत रूपांतर झाले आहे.

समोर न बोललेले बोल

सर्वांत अवघड चित्रे ती, ज्यांत कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. लेकी बोले सुने लागे ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला अशी चित्रे खरे तर सोपी जायला हवीत. निजामीच्या फारसी काव्यातली एक गोष्ट आहे. राजा नुशीरवान वजिरासोबत एका उजाड गावातून जात असताना दोन घुबडांचा घूत्कार ऐकून ती काय बोलतात असे विचारतो. वजीर सांगतो की त्यांच्यात सोयरीक ठरते आहे. मुलीचा बाप एक उजाड गाव मागतो आणि दुसरा म्हणतो, हा राजा असाच राज्य करत राहिला तर एक सोडून लाखभर उजाड गावे देईन. इराणच्या शाह तहमास्पसाठी १५३९ ते १५४३ या काळात तयार झालेल्या आणि ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या प्रतीत या प्रसंगाचे चित्र आहे. त्यात बोलणारी घुबडे अगदी लहान आहेत आणि पडक्या वाड्याने जवळजवळ सारे पान व्यापले आहे. म्हणजे राजाला येथे ना पक्षी रागावतात ना वजीर. भेगा पडलेल्या भिंतीच रागावतात. असे चित्र वाचताना सर्वांत जास्त जागा कोणाला मिळाली आहे ते पाहावे.

ब्रिटिश म्युझियममधला राजस्त्रियांच्या शिक्षिकेचा उपदेशपट याहून आडवळणाचा आहे. २९२ साली झांग हुआ नावाच्या चिनी दरबाऱ्याने सम्राज्ञी जिआच्या वर्तनाला आळा बसावा म्हणून एक बोधपर रचना केली, आणि गू काइझी या चित्रकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेशमी पटावर तिची दृश्ये आहेत. तज्ज्ञ त्याला पाचव्या ते आठव्या शतकातली प्रत मानतात. सम्राज्ञीचे त्यात नावही नाही. एका दृश्यात बान ही राजस्त्री सम्राट चेंगच्या पालखीत बसण्यास नकार देऊन मागून चालते आहे, कारण जुन्या चित्रांत थोर राजांशेजारी सुज्ञ मंत्री दिसतात आणि फक्त बुडालेल्या राजांशेजारी लाडक्या स्त्रिया. एका चित्रातली स्त्री दुसऱ्या चित्रांचा दाखला देऊन राजाला वळणावर आणते, आणि हे चित्र तिसऱ्याच एका स्त्रीला सुनावण्यासाठी रचलेल्या शब्दांवर बेतलेले आहे. येथे ऐकणारा शोधायचा तर तो पटाबाहेरच शोधावा लागतो.

ब्रॉयगेलच्या १५६५ च्या करड्या रंगातल्या छोट्या फलकावर, जो लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीसमोर ख्रिस्त खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहितो आहे. जो निष्पाप असेल त्याने, एवढेच शब्द डच भाषेत दिसतात, वाक्य पुरे होत नाही. सगळे आरोप करणारे उभे आहेत आणि न्याय देणारा सर्वांच्या पायांशी आहे. उंचीचा जो नियम आपण वर पाहिला तो येथे पार उलटला आहे, म्हणून नियम हा फक्त पहिला अंदाज समजावा. फटकार स्त्रीला नाही, दगड मारायला आलेल्यांना आहे.

शिक्षा आणि सुधारणा यांची सीमा

काही चित्रांत शब्द संपून हात सुरू होतो. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेल्या भित्तिचित्रात ख्रिस्त व्यापाऱ्यांना मंदिराबाहेर काढताना मूठ उगारून उभा आहे. पण जोत्तोने एक मूल घाबरून शिष्याच्या वस्त्रात लपलेले दाखवले आहे. रास्त रागालाही भिणारे कोणीतरी निरपराध असते हे त्याने नजरेआड केले नाही. अशी साक्षीदार पात्रे कडेला शोधावीत, कारण चित्रकाराचे स्वतःचे मत बहुधा त्यांच्या तोंडी असते.

वेरूळच्या कैलास लेण्यातील शिल्पात कैलास हलवू पाहणारा रावण खाली अडकला आहे, पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शिव निवांत बसून केवळ पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो आहे. हे दृश्य शिक्षेचे वाटते, परंतु मूर्तिशास्त्रात त्याचे नाव रावणानुग्रह असे आहे. दाबला गेलेला रावण शेवटी स्तुती करतो आणि कृपेला पात्र ठरतो, आणि परंपरेने नाव देताना तो शेवट धरला आहे. चिरडणे आणि अनुग्रह यांतला फरक दगडात फक्त त्या अंगठ्याच्या सहजपणाने दाखवला आहे. मुठी आवळलेला शिव तेथे असता, तर ते नाव शोभले नसते. अमरावतीच्या स्तूपावरील, बुद्धावर सोडलेल्या पिसाळलेल्या नलागिरी हत्तीचे वर्तुळाकार शिल्प, जे आता चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे, त्यात तोच हत्ती दोनदा येतो: आधी माणसांना तुडवत आणि मग बुद्धापुढे गुडघे टेकून. या दोन हत्तींच्या मध्ये कोणताही अंकुश नाही.

नावावर विसंबू नका

डच चित्रकार हेरार्ड टेर बोर्खच्या सतराव्या शतकातील एका प्रसिद्ध चित्रात रेशमी झगा घातलेली तरुणी पाठमोरी उभी आहे, समोर बसलेला पुरुष हात उचलून काही बोलतो आहे आणि शेजारची स्त्री पेल्यातून घोट घेते आहे. १७६५ साली विल या कोरक्याने या चित्राचे कोरीवकाम करताना त्याला पित्याचा उपदेश असे नाव दिले आणि जर्मन लेखक गटेने १८०९ च्या कादंबरीत त्याच समजुतीने त्याचे वर्णन केले. आजचे बहुतेक अभ्यासक ते वडिलांच्या उपदेशाचे चित्र मानत नाहीत. पुरुष बाप वाटण्याइतका वयस्क नाही, तो प्रेमयाचना किंवा सौदा करत असावा असे त्यांना वाटते. तरुणीचा चेहरा दिसत नसल्यामुळे नावाला सगळी जागा मोकळी मिळाली. ऐकणाऱ्यापासून सुरुवात करण्याची पद्धत येथे स्वतःची मर्यादाही दाखवते: ऐकणाराच पाठमोरा असेल, तर क्रियापद पेन्सिलीनेच लिहावे.

कोरीवकाम आणि विणकाम यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छापताना प्रतिमा डावी-उजवी उलटते. राफाएलने सिस्टीन चॅपेलच्या गालिचांसाठी केलेल्या मोठ्या आराखड्यांतही, ज्यांत पौल एका मांत्रिकाला फटकारून आंधळा करतो ते दृश्य आहे, मांडणी विणलेल्या गालिचाच्या उलट आहे. त्यामुळे उगारलेला हात उजवा की डावा यावर मोठा सिद्धांत उभारण्याआधी मूळ काम पाहिलेले बरे.

नंतर काय झाले ते चित्रातच आहे का?

शेवटची तपासणी काळाची आहे. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये झालेल्या आणि आता पॅरिसमध्ये असलेल्या स्तोत्रसंहितेत दावीद राजा एकाच चित्रात दोनदा आहे: एकदा नाथान संदेष्ट्याचे बोलणे ऐकताना आणि एकदा जमिनीवर लोटांगण घातलेला, व त्याच्याजवळ पश्चात्ताप स्त्रीरूपाने उभा आहे. दावीदाने दुसऱ्याची पत्नी बळकावली होती, म्हणून नाथानाने गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून राजाकडूनच निवाडा घेतला आणि मग तो मनुष्य तूच आहेस असे म्हटले. ते वाक्य आणि लोटांगण यांच्यामधला क्षण मात्र चित्रात नाही. दोन दावीदांमधली जागा पाहणाऱ्याने भरायची आहे.

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात चीनच्या सोंग राजवटीच्या काळातील एक चित्र आहे, ज्यात राजस्त्री बानने ज्याची पालखी नाकारली तोच सम्राट चेंग पुन्हा भेटतो. झू युन नावाच्या अधिकाऱ्याने भर दरबारात सम्राटाच्या गुरूचे शिर मागितले. सम्राट संतापला, पहारेकरी त्याला ओढू लागले आणि त्याने कठडा इतका घट्ट धरला की तो मोडला. चित्र त्याच क्षणाचे आहे. पुढे राग शांत झाल्यावर सम्राटाने कठडा नवा बसवू दिला नाही, स्पष्टवक्त्या सेवकाची आठवण म्हणून तो डागडुजी करून तसाच ठेवायला सांगितला. या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा सम्राटाचा चेहरा आणि झू युनची ओढाताण पाहून झाल्यावर नजर त्या मोडणाऱ्या लाकडाकडे न्यावी.